सगुणाबाईचं पेव

१

जमिनीत खणलेल्या पेवातून वर आलेली पहिली टोपली पाहून झुंबरबाई मटकन खाली बसली.

टोपलीत ज्वारी नव्हती. काळा, ओला, एकमेकांत चिकटलेला गोळा होता आणि त्याला शिळ्या अंबाडीसारखा वास येत होता. दुसरी टोपली आली, तीही तशीच. मग पेवाच्या तोंडातून गिरिधररावांचं डोकं वर आलं. तोंडाला उपरणं, हातात पेटता कंदील, डोळे लाल. रखमाजीनं हात देऊन त्यांना वर ओढलं. ते जरा वेळ खोकले आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "ताई, सगळं गेलं. वळवाचं पाणी मुरलं आत. वरपासून तळापर्यंत चिखल झालाय."

झुंबरबाईनं गळा काढला. मी भिंतीला धरून उभी राहिले. सगुणाबाई मात्र त्या टोपलीकडे बघत एवढंच म्हणाली, "मंग कडूबाला काय सांगू?"

आम्ही तिघी हसनाबादच्या एकाच गल्लीतल्या. मी दुर्गाबाई, माझ्या शेजारची झुंबरबाई आणि समोरची सगुणाबाई. सगुणाचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मूल नाही, पाठचा भाऊ नाही. ती दिराच्या घरात राहायची. राहायची म्हणजे जाऊ गोजरबाई सांगेल तेव्हा दळायची आणि वाढेल तेव्हा जेवायची. तिच्या आयुष्यात एकच इच्छा होती, आपलं स्वतःचं दार असावं. आतून कडी लावता येईल असं. कडूबाचं दोन खणांचं घर रिकामं होणार होतं, कारण तो लेकाकडे जालन्याला निघाला होता. "नागपंचमीपर्यंत थांबतो बाई, त्याच्यापुढं न्हाई," असं त्यानं सांगून ठेवलं होतं. सगुणाकडे आईनं दिलेली सोन्याची सरी होती. तेवढ्यात घर होत नव्हतं. थोडं कमी पडत होतं.

ते थोडं कसं भरून काढायचं, हे गिरिधररावांनी सांगितलं.

गिरिधरराव भोकरदनच्या कचेरीत पेशकार होते. पेन्शन झाल्यावर गावी आले. निजामाचं राज्य, सगळा सरकारी कारभार उर्दूत, त्यामुळे गावात कागद आला की आधी त्यांच्या ओसरीवर जायचा. कागदाबरोबर माणूस जायचा आणि माणसाबरोबर त्याच्या घरची सगळी गुपितं. कापूस कधी विकावा, मुलगी कुठे द्यावी, सल्ला त्यांचाच. आणि आम्हा तिघींना ते नुसते सल्लागार नव्हते, भाऊ होते. मानलेले. दर भाऊबीजेला तिघींच्या घरी यायचे. त्यांना दमा होता, चुलीचा धूर सोसायचा नाही, म्हणून त्यांचा पाट आम्ही अंगणात मांडायचो. ओवाळलं की ताटात खण टाकायचे आणि सगुणाला म्हणायचे, "तुला भाऊ नाही असं पुन्हा म्हणायचं नाही."

लढाई चालू होती. ज्वारीचा भाव चढत होता. "फाल्गुनात स्वस्त घ्यायची, पेवात घालायची, आषाढात काढायची," गिरिधरराव म्हणाले. "सरी पेटीत पडून वाढत नाही, ताई. बाकी फायद्यात मला काही नको. बहिणींकडून कोण घेतो?"

सगुणानं सरी दिली. झुंबरबाईनं हातातले सोन्याचे गोठ दिले. मी म्हशीच्या तुपावर साठवलेलं सगळं दिलं. काकासाहेब पाटलांच्या वाडग्यात, म्हणजे गुरांच्या आवारात, कडब्याच्या गंजीमागे एक जुनं पेव रिकामं होतं, ते मिळालं. लेव्हीचे, सरकारी धान्यवसुलीचे दिवस होते. कुणी धान्य साठवलं कळलं तर महसूलचा गिरदावर येऊन उचलून नेणार. म्हणून सगळं गुपचूप. आमच्या डोळ्यांसमोर रखमाजीनं पेवाला गव्हाच्या काडाचं अस्तर दिलं, ज्वारी ओतली, तोंडावर फळ्या टाकून माती-शेणानं लिंपलं.

आणि आता ही टोपली.

"पेव आत्ताच बुजवून टाक," गिरिधरराव रखमाजीला म्हणाले. "वास पसरला तर गिरदावर दारात. आणि ताई, गावात बोलायचं नाही. पोलिसात तर मुळीच नाही. लेव्ही चुकवली म्हणून तुम्हीच आत जाल."

रखमाजी दगड लोटायला लागला. मी सगुणाचा हात धरून तिला घराकडे चालवलं.

२

मी बोलले. गावात नाही, पण चतुराक्काकडे बोलले.

चतुराक्का म्हणजे काकासाहेब पाटलांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली आणि आल्या दिवसापासून पाटलांच्या घरात पाटील कोण, याबद्दल गावाला शंका नव्हती. तिला चहाचं भारी वेड. चुलीपाशी बसून बशीत ओतायची, फुंकर मारायची आणि माणसाला बोलू द्यायची. कुणाची कोंबडी कुणी नेली, कुणाच्या बांधाचा दगड कुणी सरकवला, हे तिला लोकांच्या बोलण्यातल्या रिकाम्या जागेवरून कळायचं.

मी रडत रडत सांगितलं. तिनं मधे एकदाही "अरेरे" म्हटलं नाही.

"रडून झालं का?" ती म्हणाली. "मंग आता परत सांग. जल्दी करू नको. पेवाचं तोंड फोडलं कोनी?"

"रखमाजीनं."

"कवा?"

"सकाळी. आम्ही उभ्याच होतो."

"आन् गिरिधर खाली कवा उतरला?"

"तेव्हाच. फळ्या काढल्या न् उतरले. लई धीराचे. रखमाजी तर घाबरून मागं सरला. उद्या उतरू म्हणत होता आळशी."

चतुराक्काची बशी ओठाशी थांबली.

"हातात काय व्हतं त्याच्या?"

"कंदील."

"पेटलेला?"

"मंग! वरून उजेड दिसत होता. वर आले तेव्हाबी पेटलेलाच."

तिनं बशी खाली ठेवली. चहा तसाच. चहा टाकून उठलेली चतुराक्का मी तोवर पाहिली नव्हती.

"दुर्गे," ती म्हणाली, "तुमची ज्वारी सडली न्हाई."

३

मी विचारलं, "मंग कुठंय?"

"ते मला काय ठाव? पन सडली न्हाई, हे पक्कं. काहून ते आत्ता इचारू नको. तुझ्या पोटात ऱ्हायचं न्हाई न् झुंबरीच्या तोंडात."

दुसऱ्या दिवशी तिनं रखमाजीला बोलावलं. रखमाजी पेवं भरण्यात आणि लिंपण्यात जन्म गेलेला माणूस. पण त्या उन्हाळ्यात त्यानं नवीन बैल घेतला होता, आणि ज्वारी सडली नाही हे माझ्याकडून कळताच झुंबरबाईनं चोर ठरवून टाकला होता. "माझ्या गोठांवर शिंगं फुटली बघा त्या बैलाला," असं ती विहिरीवर सांगत होती.

"रखमा," चतुराक्का म्हणाली, "बैल छान हाये रे. कितीला?"

रखमाजीचा चेहरा पडला. "आक्का, लोक काय बोलून राह्यले ते ऐकलंय म्या. सासऱ्यानं देल्ला बैल. लेकीच्या बारशाला. हवं तर राजूरला मानूस धाडा, सासरा तिथंच हाये माझा."

"धाडीन. त्या दिवशी तू खाली काहून न्हाई उतरलास?"

"कोन उतरंल? तोंड फोडलं की येक दिवस येक रात पेव उघडं ठिवायचं, आमच्या बापानं शिकिवलं. म्या त्यांचा हात धरला, म्हन्लं साहेब, उद्या. ते म्हन्ले, तू उगी राह्य, गिरदावर आला तर? न् उतरलेच. म्या डोळं मिटून घेतलं. वाटलं, आता बाईमानसांसमोर परेत काढावं लागतंय." त्यानं कपाळाला हात लावला. "नशीब म्हना, दुसरं काय."

"नशीब," चतुराक्का म्हणाली. "बराबर. लिंपण तूच केल्तं ना फाल्गुनात? फोडताना तसंच व्हतं?"

रखमाजी घुटमळला. जमिनीवर अंगठ्यानं रेघ ओढत राहिला.

"बोल."

"बोललो अस्तो तर म्हन्ले अस्ते, रखमानंच उघडलं. आक्का, म्या लिंपनात भुसा घालतो. फोडलं ते लिंपन निस्तं मातीचं व्हतं. भुश्याची काडी न्हाई त्यात."

४

म्हणजे कुणीतरी आधीच पेव उघडलं होतं आणि पुन्हा लिंपलं होतं.

"पन मंग ती काळी घान कशी निघाली?" मी विचारलं. "ज्वारी चोरली असंल तर पेव रिकामं पाहिजे."

"रिकामं निघालं असतं तर तुम्ही चोर धुंडला असता. सडकं निघालं म्हनून देवाला बोल लावून घरी गेलात." ती उठली. "चल झुंबरीकडं."

झुंबरबाई काही टाकून देत नाही. तिच्या घरी फुटक्या बांगड्यांचंसुद्धा गाठोडं आहे. त्या दिवशी टोपलीतली मूठभर सडकी ज्वारी तिनं पदराच्या गाठीत बांधून आणली होती आणि देवासमोर वाटीत ठेवली होती. "देवाला दिसू दे माझं काय झालं ते," म्हणून. आता ती वाळून खडखडीत झाली होती.

चतुराक्कानं वाटी उजेडात नेली. गोळा फोडला. दाण्यादाण्यातून वाळलेले, वळलेले, पिवळट धागे निघाले होते.

"हे आनलंस तवाच व्हते का?"

"तवा तर पांढरे, असे लांब लांब व्हते," झुंबरबाई म्हणाली. "म्हन्लं मेल्या ज्वारीलाबी मोड आले, न् आमच्या नशिबाला न्हाई."

"झुंबरे, मटकीला मोड आनायचे तर काय करतीस?"

"भिजवते न् फडक्यात बांधते."

"डब्यात घालून झाकण लावलं घट्ट तर?"

"कुजतीय की! आंबून जाईल. मोड कुठले? त्याला वारा लागतो—"

झुंबरबाईचं तोंड उघडंच राहिलं. लिंपलेल्या पेवात वारा कुठला? ही ज्वारी पेवात सडलीच नव्हती. कुठेतरी उघड्यावर, भिजलेल्या पोत्यात मोडावली आणि मग कुणीतरी ती मुद्दाम आणून टाकली होती.

"आता येवढंच," चतुराक्का म्हणाली, "की तुमची चांगली ज्वारी गावातून गेली कवा? पेवभर ज्वारी काय वटीत घालून न्हेतं का कुनी? गाड्या लागल्या आस्तील. न् तुम्ही तिघी रोज त्या वाडग्यावरून पान्याला जाता."

तिघींपैकी कुणीच गावात नव्हती असा दिवस कोणता, हे मला आठवायला वेळ लागला नाही.

ज्येष्ठातली अंगारकी. राजूरच्या गणपतीला आम्ही तिघी गेलो होतो. मुक्कामी. गाडी, बैल, रात्रीची धर्मशाळा, सगळं ज्यानं स्वतःच्या खर्चानं करून दिलं होतं आणि वर "सावकाश दर्शन घ्या, घाई करू नका" म्हणून सांगितलं होतं, तो आमचा भाऊ होता.

५

"न्हाई," सगुणा म्हणाली. "भाऊ असं करणार न्हाई."

ती जात्यावर बसली होती. गोजरबाई आत भांडी आपटत होती. चतुराक्का तिच्या जात्याशेजारी जमिनीवरच टेकली.

"मी कुठं म्हन्लं त्यानं केलं? मी न् काकासाहेब त्या दिवशी राजूरला व्हतो खरं, पन मानसं लावूनबी काम व्हतं. वाडगं तर त्याचं. माझ्या भावानं केलं असंल तर मी माझ्या भावाला बोलीन. तू तुझ्या भावाचं मला ऐकू तर दे."

गोजरबाई दारात आली. ही बाई सगुणाचं नुकसान झाल्यापासून जरा खुशीतच होती, कारण फुकटची दळणारी घरातून जायची वाचली. "माझ्याकडं बघून बोलताय का आक्का? मी घेतली म्हनता ज्वारी?"

"तू घेतली अस्ती तर येवढ्या दिवसांत चार जनींला सांगितलं अस्तं," चतुराक्का म्हणाली. "तू अंगारकीला घरी व्हतीस. वाडग्यात काय दिसलं?"

"काय दिसनार? वैरण."

"कसली वैरण?"

"कडब्याच्या गाड्या आल्त्या. मी इचारलं, तर गिरिधरराव म्हन्ले पाटलांची वैरण हाये."

"गाड्या भरून आल्त्या का भरून गेल्त्या?"

गोजरबाईनं विचार केला. तिला प्रथमच कुणीतरी महत्त्वाचं काहीतरी विचारत होतं, त्यामुळे तिनं मनापासून विचार केला. "आल्या तवा मोकळ्या व्हत्या. गेल्या तवा कडबा वरपर्यंत. माळावरनं जालन्याच्या वाटंनं गेल्या. चाकं अशी रुतून राह्यली व्हती—"

ती थांबली. कडब्यानं गाडीची चाकं रुतत नाहीत, हे तिलाही तेव्हाच सुचलं असावं. आणि ज्येष्ठात, जनावरं दाताला काडी शोधत फिरतात तेव्हा, कोण पाटील आपली वैरण गावाबाहेर धाडतो?

जातं थांबलं. सगुणा खुंटा हातात धरून बसली होती.

"काकासाहेबांनी धाडल्या असतील," ती हळूच म्हणाली. "भाऊंना त्यांनी सांगितलं असंल तसं बोलायला."

चतुराक्कानं मान हलवली. "असंलबी. दोघांतला येक हाये. माझा न्हाईतर तुझा." तिनं सगुणाच्या हातावर हात ठेवला. "परवा वाडग्यात ये. दोन्ही भाऊ आनते."

६

त्या दिवशी काकासाहेबांचं स्वतःचं पेव उघडायचं होतं. आमच्या पेवापासून जवळच, त्याच गंजीमागे. काकासाहेब बाजेवर बसले होते, चेहरा असा की बहिणीनं कशासाठी बसवलंय हे त्यांनाही माहीत नाही. आम्ही तिघी भिंतीच्या सावलीला. रखमाजी पहार घेऊन. आणि गिरिधरराव स्वच्छ धोतर, काळी टोपी घालून, पाटलांनी बोलावलं म्हणून खुशीत आलेले.

"सगुणाताई, तब्येत बरी ना?" त्यांनी विचारलं. अगदी मायेनं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या मायेत मला कुठे फट दिसली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रखमाजीनं लिंपण फोडलं. फळ्या काढल्या. आतून उबट, जड वाफ आल्यासारखं झालं.

"गिरिधरराव," चतुराक्का म्हणाली, "आमच्या पेवातबी पानी गेलं का काय, शंका येती. तुमाला सवय हाये. जरा उतरून बघता का? कंदील देते."

गिरिधरराव हसले. पेवापाशी गेले. वाकले आणि तसेच मागे झाले.

"जरा थांबून बघू, आक्कासाहेब."

"कशाला थांबायचं? त्या दिवशी तर फळी निघाली न् उतरलात."

"तसं नाही... आधी कंदील सोडायचा असतो. दोरीनं."

"असं का? सोड रे रखमा."

रखमाजीनं कंदील दोरीला बांधून खाली सोडला. काळोखात तो पिवळा ठिपका खाली खाली गेला. मग ज्योत आखडली, निळी झाली आणि फुंकर मारल्यासारखी विझली.

गिरिधररावांनी नकळत उपरणं नाकाला लावलं होतं.

"उतरला अस्तात तर?" चतुराक्कानं विचारलं.

"मेलो असतो," ते पटकन म्हणाले. "बंद पेवातली हवा विखारी असते. कुणालाही माहीत आहे."

"मला माहीत हाये. माझा धाकटा दीर असाच गेला. त्याला काढायला उतरलेला गडी बी गेला. तवापासून पेव फोडलं की माझ्या छातीत धस्स व्हतं." ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला वाटलं व्हतं, तुम्ही कचेरीतले, तुमाला ठाव नसंल. अडान्यासारखे उतरलात न् देवानं राखलं. पन तुमाला तर ठाव हाये. दमेकरी मानूस, चुलीच्या धुरापाशी बसत न्हाई, तो महिनोन्महिने लिंपलेल्या पेवात रखमाचा हात झिडकारून उतरतो. कंदील विझत न्हाई. काहून, गिरिधरराव?"

ते काकासाहेबांकडे बघायला लागले.

"त्याच्याकडं नका बघू. माझा भाऊ चोर अस्ता तर पेवात वारा शिरल्याचं त्याला ठाव अस्तं, तुमाला न्हाई. तुम्ही बिनघोर उतरलात, कारन ते पेव तुम्हीच रिकामं केल्तं. अंगारकीला. ह्या तिघींला गनपतीला धाडून. न् सडकी ज्वारी फोडायच्या येक-दोन दिस आधीच टाकून लिंपलं, म्हनून आत विखार साचला न्हाई."

"पुरावा काय?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हा रखमाजी सांगतो म्हणून? आणि जा ना पोलिसात! लेव्ही चुकवली कुणी? पेव कुणाच्या वाडग्यात? सगळे आत जाल."

हे ते बोलले आणि तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. निर्दोष माणूस आधी आपल्याबद्दल बोलतो. यांनी आधी आम्हाला धमकी दिली.

काकासाहेब बाजेवरून उठले. "गिरदावर उद्या येऊन राह्यलाय," ते म्हणाले. "म्याच बोलावलाय. हे पेव लेव्हीत भरायलाच उघडलं. आक्कानं दोन दिवस जेवू देल्लं न्हाई तवा कबूल झालो. आता माझ्या वाडग्यात लपवलेलं काई न्हाई. लपवलेली ज्वारी गाड्या भरून जालन्यात विकली कुनी, ते मात्र त्याला इचारावं लागंल."

गिरिधरराव पेवाच्या फळीवरच बसले. खोकला सुरू झाला, थांबेना. सगुणा उठली. तिच्याजवळ पाण्याचा तांब्या होता. तिनं तो त्यांच्यासमोर ठेवला, हातात दिला नाही.

"काहून भाऊ?" तिनं विचारलं.

ते पाणी प्यायले. "पैसे कापसाच्या वायद्याच्या सट्ट्यात घातले," ते म्हणाले. "जालन्याला. भाव वर जाणार होता, पक्की खबर होती. परत आणून भरणार होतो, ताई. नागपंचमीच्या आत. शपथ घेतो. एकदा बुडालं, मग ते काढायला दुसऱ्यांदा..."

"माझंच काहून? गावात पाटील व्हते, वानी व्हते."

ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही मोजून घेतलं नसतं."

७

पैसे नव्हतेच, म्हणून पैसे परत आले नाहीत. पण काकासाहेबांनी पंच बसवले आणि गिरिधररावांकडे काय काय आहे ते बघितलं. गिरदावराला काही सांगायचं नाही, या बोलीवर त्यांनी सगळं कबूल केलं. झुंबरबाईनं त्यांचं तट्टू आणि तांब्याचं घंगाळ घेतलं. तट्टू चावरं निघालं, पण ती म्हणते मालकाच्या वळणावर गेलंय. माझे पैसे ते दर बाजाराला थोडे थोडे आणून देतात. ओट्यावर ठेवतात आणि जातात. मी समोरच मोजून घेते, ते पायरी उतरायच्या आत. पूर्वी कधी मोजलं नव्हतं.

सगुणाचं देणं सगळ्यात मोठं. नागपंचमी झाली, कडूबानं घर दुसऱ्याला विकलं. तेव्हा चतुराक्कानं पंचांसमोर गिरिधररावांना विचारलं, "तुमच्या घराचे गल्लीकडचे दोन खण रिकामेच हायेत ना?"

सगुणा नको म्हणत होती. "त्याच्या भिंतीला भिंत लावून राहू?"

"भिंत तुझी, दार तुझं," चतुराक्का म्हणाली. "तो पलीकडं राह्यला काय न् मुंबईला राह्यला काय."

रखमाजीनं मधला दरवाजा बुजवला. मातीत भुसा घालून, चांगला घट्ट. सगुणानं गल्लीकडच्या दाराला नवी कडी बसवून घेतली, आणि पहिल्या दिवशी ती कडी आतून लावून, पुन्हा काढून, पुन्हा लावून बघत राहिली. गोजरबाई दोनदा भांडायला आली. दोन्ही वेळा दार बंद होतं.

चूल तिनं मांडली ती मधल्या भिंतीला लागूनच. मुद्दाम का सोयीनं, ते मी विचारलं नाही. पण वर वासे दोन्हीकडे सारखेच, फटीतून धूर पलीकडे जायचा. सगुणाची भाकरी चढली की भिंतीपलीकडून खोकला यायचा. पहिले काही दिवस ती खोकला ऐकून फुंकणीनं आणखी दोनदा फुंकायची. मी पाहिलंय.

भाऊबीजेला आम्ही तिघी तिच्याकडे जमलो. ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, ही आपली जुनी रीत. सगुणानं कित्येक वर्षांत ती केली नव्हती, करायची वेळ आली नव्हती. तिन्हीसांजेला बीजेची बारीक कोर दिसली तसं ती निरांजन लावून दारात आली. अंगणात पाट मांडलेला होता. रांगोळी काढून, वर आसन घालून, नेहमीच्या जागी, धूर लागू नये म्हणून चुलीपासून लांब.

तिचं तिलाच दिसलं.

"सवयीनं मांडला गं," ती म्हणाली.

झुंबरबाई काहीतरी बोलणार होती, मी तिला चिमटा काढला. पलीकडून खोकला आला. सगुणानं चंद्राला ओवाळलं, अक्षता टाकल्या, ताट खाली ठेवलं. मग पाटाकडे गेली. मला वाटलं उचलून ठेवेल. ती त्याच्यावर बसली. पदर नीट केला, मांडी घातली, अंगणाच्या मध्यावर, स्वतःच्या दारासमोर.

"रखमाजीला उद्या बोलवायचंय," जरा वेळानं ती म्हणाली. "चूल तिकडच्या भिंतीला घेते."

"दया आली का?" झुंबरबाईनं विचारलंच.

"दया कशाची? रात्रभर खोकतो. मला झोप येत न्हाई माझ्या घरात." तिनं ताट पुढे सरकवलं. "दुर्गे, ओवाळ मला. निरांजन विझायच्या आत."